उत्तर बरोबर होते

वाचकाचे पत्र

आदरणीय बाई,

कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी सहावीला मराठी आणि समाज विज्ञान शिकवते. वर्गात सव्वीस मुले आहेत. बहुतेकांच्या घरी मराठी बोलतात, तिघांच्या घरी उर्दू, दोघे धनगरवाड्यावरून येतात, आणि या जूनमध्ये एक मुलगी सौंदत्तीकडून आली आहे. वडील तिकडचे, घरात बोलणे कन्नडमध्येच. आई माहेरी राहायला आल्यामुळे ती आमच्या शाळेत दाखल झाली. पाचवीपर्यंत ती कन्नड माध्यमात शिकली. जुलैमध्ये नद्यांचा पाठ चालू असताना मी मलप्रभेचा उगम कुठे होतो असे विचारले. तिने पहिल्यांदाच हात वर केला आणि म्हणाली, "मलप्रभा नदी कणकुंबीत उगम पावतं." वर्ग हसला. मागून कोणीतरी "ए कानडी" असे ओरडले. मलाही हसू आले, हे लपवत नाही. मी "पावतं नव्हे, पावते" असे सांगून पुढे गेले. त्या दिवसापासून ती बोललेली नाही. नाव घेतले की उभी राहते आणि खाली बघते. उलट पुढच्या बाकांवरची चार मुले इतरांना तोंड उघडू देत नाहीत. मी गटचर्चा घेऊन पाहिली, तर गलका झाला आणि मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले; शांत वर्ग तोच चांगला वर्ग, असे त्यांचे मत आहे. सगळ्यांना बोलते कसे करावे, एकमेकांचे ऐकायला कसे शिकवावे, आणि एवढे करून पाठ्यक्रम पुरा कसा करावा?

– एक शिक्षिका

ताई,

त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. मलप्रभा तुमच्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. वर्ग हसला, कोणी चिडवले, तुम्ही क्रियापद सुधारले, हे सर्व तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. परंतु तिने दिलेले उत्तर बरोबर होते, ही गोष्ट पत्रात कुठेच नाही, आणि मला वाटते त्या दिवशी वर्गातही ती कोणी बोलून दाखवली नाही. कन्नड माध्यमातून आलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी, नव्या गावात, नव्या भाषेत, आपणहून हात वर करते, प्रश्नाचे अचूक उत्तर देते आणि तिला परत मिळते ते फक्त एका प्रत्ययाची दुरुस्ती आणि वर्गभर हसू. तिने यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा नाही. या वर्गात काय म्हटले यापेक्षा कसे म्हटले हेच ऐकले जाते, असे तिला कळले आणि तिने बोलणे थांबवले. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांची सुरुवात मी मुलांच्या ऐकण्यापासून करणार नाही, शिक्षिकेच्या ऐकण्यापासून करणार आहे. तुम्हालाही हसू आले हे तुम्ही लिहिलेत, त्यामुळे मला हे मोकळेपणाने लिहिता येते.

आधी त्या "पावतं"कडे नीट पाहू. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखी तीन लिंगे नसतात. पुरुषासाठी एक रूप, स्त्रीसाठी एक, आणि नदी, झाड, पुस्तक, बस या सगळ्यांसाठी नपुंसकलिंगी एकच. आपल्याकडे मात्र पाण्याचेच पाहा: नदी ती, ओढा तो आणि तळे ते. कन्नड बोलणाऱ्या मुलासाठी नदी, हळ्ळ आणि केरे ही तिन्ही सारखीच "ते" असतात. मराठीत नदी स्त्रीलिंगी का आणि ओढा पुल्लिंगी का, याचे मुलाला पटेल असे कारण तुम्हाला किंवा मला देता येणार नाही. आपण ते आईच्या मांडीवर शिकलो, एवढेच. त्या मुलीने तिच्या भाषेचा नियम आपल्या भाषेला लावून पाहिला. ही निष्काळजी मुलाची चूक नव्हे, विचार करणाऱ्या मुलाची चूक आहे, आणि भाषा शिकवणाऱ्या माणसाने अशा चुकीचे मनातून स्वागत करायला हवे.

हेच उलट दिशेने रोज आपल्या मुलांकडून घडत असते. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन "ए" आणि दोन "ओ" आहेत, त्यांना वेगवेगळी अक्षरेही आहेत. "कोडु" ऱ्हस्व उच्चारला तर "दे" असा अर्थ होतो आणि तोच दीर्घ उच्चारला तर "शिंग". मराठी कानाला हा फरक सहज कळत नाही, म्हणून आपली मुले कन्नडच्या तासाला "मला पुस्तक दे" म्हणायला जातात आणि भलतेच बोलून बसतात. पुण्यामुंबईकडच्या लग्नकार्यात आपल्याकडचे "काय करूलालास" ऐकून पाहुण्यांच्या चेहऱ्यावर येणारे हसूही आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. त्या क्षणी जेवणाच्या पंगतीत मोठी माणसेसुद्धा गप्प होतात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

आता काय करावे ते सांगते. पहिली गोष्ट, तिच्याशी आधी एकटीशी बोला, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात, चार मुले ऐकत उभी नसतील अशा वेळी. लांबलचक समजूत घालू नका. "त्या दिवशी तुझे उत्तर बरोबर होते, मी तसे सांगायला हवे होते, सांगितले नाही, माझे चुकले" एवढे पुरे. तुम्हाला येत असेल तर एखादे वाक्य कन्नडमध्ये बोला. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये आदराने बोलताना शब्दाला "री" लावतात. तुम्ही तिच्या आईला भेटाल तेव्हा "बर्री" म्हणून पाहा, त्या एका अक्षराने किती अंतर कमी होते ते तुमच्या लक्षात येईल. तुमचे कन्नड चुकले तर फारच चांगले. शिक्षिका चुकत चुकत बोलते आणि तरी बोलतच राहते, हे त्या मुलीने पाहिले पाहिजे.

त्यानंतर वर्गासमोर. चूक चारचौघांत झाली आहे, तेव्हा भरपाई फक्त व्हरांड्यात होऊन चालणार नाही. पण तिला उभे करू नका आणि "आपण सगळे तिची माफी मागू या" असा प्रसंगही घडवू नका. भोवती मांडलेल्या सोहळ्याने लाजाळू मूल आणखी आत जाते. नद्यांचा पाठ पुन्हा काढा आणि सहज सांगा की जुलैमध्ये मलप्रभेच्या उगमाचे बरोबर उत्तर वर्गात मिळाले होते आणि मी त्याकडे लक्ष दिले नव्हते. मग नदी, ओढा, तळे ही तीन नावे फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा की ती, तो आणि ते असे का. मुले कारणे शोधतील, एकही कारण टिकणार नाही, आणि दहा मिनिटांत वर्गाला समजेल की आपण ज्याला हसलो ते आपल्यालाही सांगता येत नाही. लिंगविचाराचा याहून चांगला पाठ मी तरी पाहिलेला नाही.

"ए कानडी" या आरोळीबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह सीमाभागात फार मोठा असतो. "कानडी" हा शब्द स्वतः शिवी नाही. मूल ज्या सुरात तो म्हणाले त्या सुरात तो शिवी झाला. तो सूर मुलाने शाळेत तयार केलेला नाही. आपल्या गावांमध्ये १ नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या बाजूला काळ्या दिनाची फेरी, आणि घराघरांत त्या दिवशी जे बोलले जाते ते मुले ऐकतात. सीमाप्रश्नावर कोणत्या घराचे काय मत असावे हे ठरवणे तुमचे काम नाही. परंतु वर्गात बसलेल्या एका मुलीवर त्या प्रश्नाचे ओझे टाकले जाऊ नये, हे पाहणे तुमचेच काम आहे. ज्याने आरोळी दिली तो कोण हे शोधण्यात वेळ घालवू नका. पुन्हा असे घडले तर शिकवणे त्याच क्षणी थांबवा आणि आवाज न चढवता स्पष्ट सांगा की या वर्गात कोणाच्या घरच्या भाषेवरून कोणाला हाक मारायची नाही. नंतर ज्या मुलाचे उत्तर अर्धवट राहिले त्याच्याकडून ते पूर्ण करून घ्या. रागावणे दुसऱ्या दिवशी विसरले जाते. थांबणे लक्षात राहते, कारण शिक्षिकेला काय महत्त्वाचे वाटते ते मुलांना त्यातून दिसते.

आणि हे आपल्या लोकांना सांगताना संकोच करू नका. राज्यांची पुनर्रचना झाली त्याच १९५६ साली, सातव्या घटनादुरुस्तीने, राज्यघटनेत कलम ३५० अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. आपण मराठी शाळा टिकाव्यात म्हणून ज्या कलमाचा आधार घेतो त्याच्या मुळाशी एक साधी जाणीव आहे: परक्या भाषेत बसवलेले मूल मुके होते. कचेरीत फक्त कन्नडमध्ये लिहिलेला कागद हातात घेऊन खिडकीपाशी उभा राहिलेला आपला म्हातारा माणूस आपण पाहिलेला आहे. त्याची भाषा त्या खिडकीवर अल्पसंख्य, आणि तुमच्या सव्वीस मुलांच्या वर्गात या मुलीची भाषा अल्पसंख्य. तिला ऐकून घेण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणापेक्षा आपल्यावर अधिक येते, असे मी मनापासून मानते. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देऊ नये, असे शिक्षण हक्क कायदा, २००९ याचे कलम १७ सांगते. पण ज्या वर्गात कायद्याची आठवण करून द्यावी लागते तिथे आधीच उशीर झालेला असतो.

आता सगळ्या वर्गाविषयी. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून ते बारकाईने तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट साधारण एक सेकंदच पाहतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असे तिला दिसले. तीच वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा उत्तरे लांब झाली, "माहीत नाही" म्हणणे कमी झाले आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. मुलाचे बोलणे संपल्यावर तितकेच थांबले, तर ते आणखी काही जोडते, हेही तिने नोंदवले. तुमचा प्रश्न त्या मुलीच्या कानावर मराठीत पडतो, तो मनात कन्नडमध्ये जातो, उत्तर कन्नडमध्ये तयार होते आणि मग मराठीत यायला निघते. एवढ्या वाटेला एक सेकंद कसा पुरेल? तोपर्यंत पुढच्या बाकावरचे चार हात वर झालेले असतात. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश पाच आकडे मोजा, तोपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नका, आणि हात वर करून "बाई, बाई" म्हणणाऱ्यांकडे पाहू नका. सुरुवातीला ती शांतता असह्य वाटते. मला स्वतःला सवय व्हायला एक पूर्ण सत्र लागले. पाठ्यक्रमाची काळजी असेल तर हिशेब करा: एका तासात वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येकामागे तीन सेकंद जास्त थांबलात, तर तासातले एकच मिनिट जाते.

गटचर्चेत गलका झाला याचे मला नवल वाटत नाही. सहा-सहा मुलांच्या गटात दोघे बोलतात, दोघे भांडतात आणि दोघे खिडकीबाहेर पाहतात. गट नको, जोडी करा. शेजारच्याशी दोन मिनिटे बोलायचे, आणि मग वर्गासमोर स्वतःचे मत न सांगता जोडीदाराचे सांगायचे: "माझी जोडीदार म्हणते की…" सांगून झाल्यावर जोडीदाराला विचारायचे, बरोबर सांगितले का? तिने मान हलवली तरच पुढे जायचे. या एका अटीमुळे मुलांना ऐकावेच लागते, कारण न ऐकता सांगणे त्यांना सर्वांसमोर जमत नाही. दुसऱ्याचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे आणि मगच आपला विरोध मांडायचा, ही सवय सहावीत लागली तर ती मुले पुढे गावाच्या बैठकीतही तशीच बोलतील. जोडीत घरची भाषा चालेल, असे स्पष्ट सांगा. उर्दू बोलणारी दोन मुले एकमेकांशी घरच्या बोलीत बोलून मराठीत उत्तर आणतील, तर त्यात मराठीचे काही नुकसान होत नाही. विचार आधी होतो, भाषा त्याच्यावर चढते. धनगरवाड्यावरच्या दोघांना नेहमी एकत्र बसवत असाल, तर कधीतरी जोड्या बदलून पाहा, पण एकदम नको. आपल्या माणसाशेजारी बसण्याचा धीर मुलाकडून एका दिवसात काढून घेऊ नये.

त्या चार बोलक्या मुलांवर राग धरू नका. शाळेने त्यांना आजवर एवढेच शिकवले आहे की हात आधी वर करील तो हुशार. त्यांना गप्प बसवू नका, वेगळे काम द्या: आज वर्गात कोणी कोणते नवे मुद्दे मांडले ते टिपून ठेवायचे आणि तास संपताना वाचून दाखवायचे. मी हे करून पाहिले आहे. पहिल्या दिवशी त्यांच्या वहीत फक्त स्वतःची नावे येतात, आणि आठवड्याभरात इतरांची येऊ लागतात.

चुका सुधारायच्या की नाही, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. सुधारायच्या, पण मूल बोलत असताना मध्ये नाही. ती "उगम पावतं" म्हणाली, तर तुम्ही "हो, मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, आणि पुढे कुठे जाते?" असे विचारायचे. बरोबर रूप तिच्या कानावर पडले, उत्तराला मान मिळाला आणि पुढचा प्रश्नही झाला. वहीत मात्र दुरुस्ती करा, पण एका वेळी एकाच प्रकारची. लाल शाईने भरलेले पान मुलाला काही शिकवत नाही.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, त्यांना बोलवा. आठवड्यातला एक वार आणि वीस मिनिटे ठरवून घ्या, त्यांना आधी कळवा, आणि त्यांनी मागे बसून पाहावे अशी विनंती करा. आपल्याच राज्यात, मैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेली नलीकली पद्धत त्यांना माहीत असणार. लहान वर्गांतली मुले तिथे गोल बसून कार्डांच्या आधारे आपापल्या गतीने शिकतात, आणि तो आवाज सरकारने मान्य केलेला आवाज आहे. कामाचा आवाज आणि गोंधळाचा आवाज यांतला फरक दारातून कळत नाही, आत बसल्यावर कळतो. शाळा सुधारणा समितीत या मुलीच्या आईसारख्या एखाद्या पालकाला बोलावून घेता आले तर तेही करा.

आणखी एक गोष्ट, आणि ती लिहिताना मला अजूनही वाईट वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता. हाक मारली तरी ओ देत नसे, विचारले तर दुसरेच काही सांगे. मी त्याला उद्धट ठरवले आणि कितीतरी तास उभे केले. एका पावसाळ्यात शेजारच्या वर्गाच्या बाईंनी मला दाखवले की तो नेहमी डावी बाजू पुढे करून ऐकतो. त्याचा उजवा कान लहानपणापासून फुटलेला होता. दीड वर्ष मी जे शिकवले त्यातले निम्मे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, आणि शिक्षा मात्र पूर्ण पोहोचल्या. तुमच्या गप्प मुलीच्या बाबतीत कारण तुम्हाला माहीत आहे. पण वर्गात आणखी तीन-चार मुले न बोलणारी असतील, त्यांच्याबद्दल निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यांच्या पाठीमागून हळू आवाजात नाव घेऊन पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा अशा मुलांची नावे आधीच लिहून ठेवा आणि डॉक्टरांना कानांविषयी मुद्दाम विचारा. कोणी उपाशी येत असेल, कोणाच्या घरी काही बिनसले असेल. तेही विचारल्याशिवाय कळणार नाही.

शेवटी पुन्हा त्या मुलीकडे येते. ती सौंदत्तीकडची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या तालुक्यात उगम पावणारी मलप्रभा तिच्या तालुक्यात नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. तुमच्या वर्गातल्या पंचवीस मुलांना नदीचे एक टोक ठाऊक आहे, आणि बहुधा तिला एकटीलाच दोन्ही बाजूंचे पाणी ठाऊक आहे. काही आठवड्यांनी, ती जोडीत बोलू लागल्यावर, तिला विचारा की धरण भरते तेव्हा कसे दिसते, आणि नविलु म्हणजे काय. नविलु म्हणजे मोर, हे वर्गाला तिच्याकडूनच कळू द्या. ती नको म्हणाली तर तिथेच थांबा. कन्नडची जाणकार म्हणून तिला दर वेळी पुढे करणे हेही तिला वेगळे पाडणेच होईल. आणि विचाराल तेव्हा तासाच्या सुरुवातीला विचारा, घंटा व्हायला पाच मिनिटे उरलेली असताना नको. तिला शब्द जुळवायला वेळ लागेल.